दहा बोटांची जंगल सफारी

साकोलीमार्गे नागझिऱ्याला निघालायत? जॅकेट, दुर्बीण, कॅमेरा सगळं भरलंत. पण हातांचं काय?

ग्लोव्ह्ज म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गुलमर्ग! पांढराशुभ्र उतार, रंगीबेरंगी जॅकेट्स, आणि ऑफिसातल्या कुणीतरी नव्या नवरीसोबत काढलेला तो ठरलेला स्कीइंगचा फोटो. भंडारा जिल्ह्यातलं साकोली तर नक्कीच येत नाही. साकोली म्हणजे भाताची खाचरं, पावलोपावली तलाव आणि मे महिन्यात भाजून काढणारं ऊन. तिथे जायला थंडीचे ग्लोव्ह्ज? काहीतरीच काय!

थांबा. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे सहा वाजता साकोलीहून उघड्या जिप्सीत बसून नागझिऱ्याकडे निघा. मग बोलू.

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हायवेवर भंडारा मागे टाकलं की साधारण चाळीस किलोमीटरवर साकोली लागतं. नागपूरपासून जेमतेम शंभर किलोमीटर. बहुतेकांसाठी हे चहा-पोह्यांचं स्टेशन. पण जंगलवेड्यांसाठी साकोली म्हणजे दरवाजा! इथून एक रस्ता पिटेझरी गेटमार्गे नागझिऱ्यात घुसतो, दुसरीकडे नवेगावबांधचा तलाव खुणावतो. नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा 1970 मध्ये मिळाला, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि डिसेंबर 2013 मध्ये नागझिरा, नवेगाव, कोका वगैरे जंगलं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. देशभर गाजलेला तो भलादांडगा ‘जय’ वाघ मूळचा याच नागझिऱ्याचा. 2013 मध्ये तो चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि तिथला स्टार झाला. 2016 पासून त्याचा पत्ता नाही.

आणि इथला सीझन कोणता? मस्त गुलाबी वगैरे म्हणतात तो हिवाळा. फक्त पहाटेच्या जिप्सीत तो गुलाबी नसतो, निळा असतो. बोटांच्या टोकांसारखा!

आकड्यांचा खेळ

समुद्रापासून लांब असल्यामुळे विदर्भाच्या या पूर्व टोकाला हवेचा लाड करणारं कुणी नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री निरभ्र आकाशाखाली भराभर उष्णता सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूर पट्ट्यात पारा दहाच्या खाली उतरला ही तर दरवर्षीची बातमी. त्यात तलावांवरचं धुकं. म्हणजे गारव्यासोबत ओलही आलीच.

आता या 8 अंशांत वारा मिसळा. हवामानशास्त्रात ‘विंड चिल’ नावाचा हिशेब असतो. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला थंडी किती जास्त वाटते, ते त्यातून कळतं. हवा 8 अंश असेल आणि जिप्सी ताशी 50 किलोमीटरनं गेटकडे पळत असेल, तर कातडीला ते साधारण 3 अंशांसारखं वाटतं. तुम्ही नागपूरहून बाइकवर येणारे वीर असाल आणि काटा 60 वर असेल, तर जवळपास 2 अंश! जंगलात शिरल्यावर गाडी 20 च्या आसपास रांगते, तरी हिशेब 5 अंशांचाच येतो. अशा हवेत तीन-साडेतीन तास बसून राहायचं. स्कीइंग करणारा निदान हलत तरी असतो. सफारीतला माणूस मूर्तीसारखा बसलेला. शरीर गरम ठेवायला त्याच्याकडे हालचालीचं इंधनच नाही.

या थंडीत बोटं गळून पडणार नाहीत, घाबरू नका. पण बधिर नक्की होतात. आणि बधिर बोटांना फोकस रिंग फिरवता येत नाही.

सात सेकंदांची गोष्ट

गेल्या हिवाळ्यातली सकाळ. आमच्या जिप्सीत सहा जण होते. त्यातल्या एका मित्रानं हिमाचल ट्रिपसाठी घेतलेले जाडजूड स्की ग्लोव्ह्ज चढवले होते. सगळ्यांना हेवा वाटावा असे. मैत्रिणीकडे पातळ, टचस्क्रीनवर चालणारे स्टायलिश ग्लोव्ह्ज. वळणावर गाईडदादांनी हात वर केला, गाडी थांबली. समोरून रानकुत्री! चार, पाच, सहा... तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, रस्ता ओलांडून एका रांगेत पसार.

मित्राचं जाड बोट शटरवर बसेचना. त्यानं दातांनी ग्लोव्ह ओढला तर मनगटावरच्या वेल्क्रोचा ‘चर्रर्र’ असा आवाज झाला. शेवटच्या कुत्र्यानं वळून पाहिलं आणि सगळा खेळ खल्लास. मैत्रिणीची बोटं तोवर इतकी आखडली होती की दुर्बीण डोळ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. जेमतेम सात सेकंदांचा मामला. महिनाभर आधी केलेलं बुकिंग, ऑफिसातून मिनतवारीनं मिळवलेली सुट्टी, पहाटे चारचा अलार्म, हे सगळं त्या सात सेकंदांसाठी होतं.

थोडक्यात, एकाचे ग्लोव्ह्ज उबदार होते पण कामाचे नव्हते. दुसरीचे कामाचे होते पण उबदार नव्हते. मग घ्यायचे कसले?

बर्फाकडून काय शिकायचं?

स्कीइंगवाल्यांनी या प्रश्नावर खूप डोकं चालवलंय. स्वीडनमधल्या हेस्ट्रा गावातली त्याच नावाची कंपनी आज स्की ग्लोव्ह्जसाठी जगभर ओळखली जाते. 1936 मध्ये तिनं सुरुवात केली ती मात्र लाकूडतोड्यांसाठी हातमोजे बनवून! म्हणजे स्कीइंगचा हा नामांकित ग्लोव्ह मुळात जंगलातलाच. टिकाऊपणाचा धडा तिथूनच येतो. कुऱ्हाडीचा दांडा काय किंवा स्कीची काठी काय, आधी झिजतो तो तळवा. म्हणून तळव्याला चामडं हवं. बकरीचं चामडं मऊ असूनही चिवट असतं. आणि उसवतं कुठे? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जोडावर. दुकानात सगळ्यात आधी तिथली शिलाई ओढून बघा. दुहेरी असेल तर गुण पक्के.

उबेचा फंडा तर अगदी साधा आहे. ग्लोव्ह उष्णता तयार करत नाही. तो फक्त तुमच्या हाताची उष्णता हवेच्या थरात कोंडून ठेवतो. म्हणूनच घट्ट ग्लोव्ह थंड लागतो. हवेला जागा नाही आणि रक्तालाही वाट नाही! घातल्यावर मूठ आवळून पाहा. कातडं ताणलं जात असेल तर एक साइझ मोठा घ्या. बोटाच्या टोकाशी जराशी पोकळी राहायलाच हवी.

कापड कोणतं? सुती मोजे विसरा. सुती कापड घाम आणि दव दोन्ही पितं आणि मग गारठ्याला घट्ट धरून बसतं. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल शोषते, तरी ऊब सोडत नाही. फ्लीस हलकं असतं, पटकन वाळतं, पण वारा त्यातून आरपार जातो. बाइकच्या उन्हाळी जाळीदार ग्लोव्ह्जचंही तेच. परीक्षा सोपी आहे. ग्लोव्ह तोंडाला लावा आणि जोरात फुंकर मारा. आतल्या बोटांना झुळूक जाणवली, तर जिप्सीत वादळ जाणवेल.

गुलमर्गच्या गोंडोलातून 3,900 मीटरच्या वर जाऊन बर्फात लोळणार असाल तर वॉटरप्रूफ पडदा, कोपराच्या दिशेनं लांब जाणारी बाही, आतलं काढता येणारं अस्तर, हे सगळं हवंच. तिथे स्की आणि बूट भाड्यानं खुशाल घ्या, ग्लोव्ह्ज मात्र स्वतःचे असू द्या. दुसऱ्याच्या घामानं ओलसर झालेल्या अस्तरात ऊब शोधू नका! नागझिऱ्यात मात्र बर्फ नाही. इथे शत्रू एकच, वारा. त्यामुळे वॉटरप्रूफवर पैसे उधळण्याची गरज नाही.

सफारीचं उत्तर दोन थरांत आहे. आत पातळ लोकरी किंवा फ्लीसचे बोटवाले मोजे. वरून वारा अडवणारे मिटन्स, म्हणजे चार बोटं एका खोलीत, अंगठा वेगळ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून मिटन नेहमीच जास्त गरम. त्यातही बोटांवरचं टोपण मागे दुमडता येणारा प्रकार मिळाला तर सोन्याहून पिवळं. प्राणी दिसला की टोपण मागे, काम झालं की पुढे. फक्त वेल्क्रो नको! बटण किंवा इलॅस्टिक चालेल. आणि रंग? मातकट, राखाडी, गडद हिरवा. लालभडक आणि निऑन गुलमर्गसाठी राखून ठेवा.

तिबेटची ऊब, झाडीचा पत्ता

आता घ्यायचे कुठून? इथे एक सही कनेक्शन आहे. दिवाळीनंतर नागपुरात तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटरबाजार भरतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. हे लोक थेट हिमालयातून येतात, असं आपण गृहीत धरतो. पण नवेगावबांधच्याच परिसरात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, ‘नोर्ग्येलिंग’ नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. 1972 मध्ये वसलेली. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी जगात ही वसाहत अजून ‘भंडारा’ या नावानंच ओळखली जाते.

विचार करा. 1959 नंतर बर्फाचा देश सोडावा लागलेली माणसं, आणि त्यांच्या वाट्याला आली धानाची, तलावांची, उन्हाळ्यात होरपळणारी ही जमीन. शेतीच्या जोडीला हिवाळ्यात शहरोशहरी जाऊन लोकरी कपडे विकणं, हा देशभरातल्या तिबेटी वसाहतींचा आधार बनला. माल बहुतेक लुधियानाच्या कारखान्यांचा असतो, हे खरं. पण घासाघीस करताना समोरच्या आजीला एक प्रश्न जरूर विचारा, “आतून घालायला कुठले चांगले?” थंडीबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आतला लोकरी थर इथून घ्या, वरचा वारारोधक मिटन स्पोर्ट्सच्या दुकानातून. दोन्ही मिळून एका ब्रँडेड स्की ग्लोव्हपेक्षा स्वस्तच पडेल.

आणि गाईडदादांचे हात?

त्या सकाळी सगळ्यात पुढे, वारा थेट अंगावर घेत, गाईडदादा बसले होते. डोक्याला मफलर, अंगात जाकीट, हात मात्र उघडे. मी विचारलं तर हसले. “हातमोजे घातले त बोट कसं दाखवू जी?”

झाडीबोलीतला तो गोड ‘जी’ ऐकून छान वाटलं, पण उत्तरानं गप्प केलं. आपण वर्षातून एकदा या थंडीत बसतो. गेटजवळच्या गावांतली ही मुलं अख्खा सीझन, पहाटेमागून पहाट बसतात. धुळीतला ठसा दाखवायला, फांदी बाजूला सारायला, ड्रायव्हरला खूण करायला त्यांना बोटं मोकळी लागतात. वळणावरची रानकुत्री आम्हाला दिसली ती त्या उघड्या हातामुळेच. सफारी संपल्यावर त्यांनी माझे टोपणवाले मिटन्स हातात घेऊन उलटसुलट केले, टोपण दोनदा मागे-पुढे करून पाहिलं आणि म्हणाले, “हे मात्र कामाचे आहेत जी.”

म्हणून पुढच्या वेळी बॅगेत अशी एक जोडी जास्तीची ठेवणार आहे, नवीकोरी. वापरून जुने झालेले, मनातून उतरलेले ग्लोव्ह्ज देऊ नका, प्लीज. ज्याच्या बोटावर आपली अख्खी सफारी अवलंबून असते, त्याला उसवलेला अंगठा कशाला?

निघण्यापूर्वी

- फक्त ग्लोव्ह्जवर भिस्त ठेवू नका. धड गारठलं की शरीर आधी हातापायांचं रक्त आखडतं घेतं. कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट असेल तरच बोटं गरम राहतात.
- ग्लोव्हची बाही आणि जॅकेटची बाही एकमेकांवर चढायला हवी. मनगटाची उघडी फट म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.
- ग्लोव्ह्ज जिप्सीत बसण्याआधीच, हात गरम असताना घाला. गार पडलेल्या हाताला तो गारच ठेवेल.
- दवानं ओले झाले तर सावलीत, हवेवर वाळवा. शेकोटीवर धरलात तर चामडं कडक होऊन तडकतं. शेकोटी हातांसाठी आहे, हातमोज्यांसाठी नाही!
- चामड्याच्या तळव्याला सीझनमध्ये एकदा मेण चोळा. वर्षानुवर्षं चालतील.
- सफारीचं बुकिंग ऑनलाइन आधीच करा आणि मोबाईल, कॅमेऱ्याचे नियम गेटवर विचारून घ्या. मोबाईल बंद ठेवावा लागला, तर टचस्क्रीनवाल्या ग्लोव्ह्जचा तसाही काही उपयोग नाही.

परतताना साकोलीच्या चौकात गाडी थांबवा. ग्लोव्ह्ज काढा, खिशात कोंबा आणि वाफाळत्या चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरा. बोटांना चटका बसला का? मग ती पूर्ण शाबूत आहेत. गुलमर्गचं बुकिंग करायला हरकत नाही!