अधू फुप्फुसे आणि पूर्ण भूल

पूर्ण भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि श्वासपटल छातीत वर सरकते. श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा सुमारे १५ ते २० टक्क्यांनी घटते आणि पाठीकडच्या भागातले वायुकोश मिटतात. निरोगी माणूस हे सहज सोसतो. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फायब्रोसिस (फुप्फुसे कडक होणे) किंवा क्षयाने पोखरलेली फुप्फुसे असलेल्या रुग्णाकडे तेवढी शिल्लक नसते.

सीओपीडी केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो असे नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो, पण तिची धाप वयाच्या खाती जमा होते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ विचारतात, ‘एक मजला न थांबता चढता का?’ स्पायरोमेट्रीच्या (श्वासाची क्षमता मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांइतकेच या उत्तराला महत्त्व असते.

सीओपीडीत हवा आत शिरते, पण बाहेर पडायला वेळ घेते. ती पुरती निघण्याआधीच व्हेंटिलेटरने पुढचा श्वास दिला, तर छातीत हवा साठत जाते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून मिनिटाला कमी श्वास देऊन श्वास सोडण्याचा काळ लांबवतात. भूल पुरेशी खोल नसताना श्वासासाठी घशातून नळी घातली, तर श्वासनलिका आवळतात. फुप्फुसात हवेचे मोठे फोड असतील, तर नायट्रस ऑक्साइड टाळतात. त्या वायूने फोड फुगून फुटू शकतात.

खरी कसोटी बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांत लागते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उरलेला अंमल, वेदनाशामकांची गुंगी आणि टाक्यांचे दुखणे यांमुळे रुग्ण जोरात खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. छातीच्या आणि पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांत, तसेच तीन तासांहून लांबलेल्या शस्त्रक्रियांत हा धोका जास्त असतो.

शक्य तिथे कमरेतून भूल देतात किंवा ठरावीक नसा बधिर करणारा ब्लॉक वापरतात. मात्र तोही सरसकट सुरक्षित नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या ब्लॉकने त्या बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पडते, आणि अधू फुप्फुसांना तेवढेही झेपत नाही.

पूर्वतयारीने बराच धोका टळतो. धूम्रपान निदान चार, शक्यतो आठ आठवडे आधी थांबवावे. छातीत संसर्ग असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर ती पुढे ढकलतात. तीन लहान चेंडूंच्या यंत्राने दीर्घ श्वास घेण्याचा सराव आधीपासून केला, तर नंतर तो जमतो. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठून बसणे आणि चालणेही तितकेच गरजेचे असते.

उपाशी राहायचे म्हणून अनेक रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी श्वासाचा पंपही घेत नाहीत. उपास अन्नपाण्याचा असतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर पंप ठरल्याप्रमाणे घ्यावा, सोबत रुग्णालयात न्यावा आणि भूलतज्ज्ञांना दाखवावा.