मंजुरीआधी यादी वाचा

प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये बदल करणारी क्वेरी माझ्याकडे मंजुरीला आली की मी आधी विचारते, ‘किती रेकॉर्ड्स बदलणार?’ ‘असतील चाळीस-पन्नास’ असं उत्तर आलं, तर टिकेट परत जातं. नेमका आकडा आणि यादी हातात आल्याशिवाय मी क्वेरी वाचायलाच घेत नाही.

कारण मंजुरीची व्यवस्था असूनही घात होतो. एप्रिल २०२२मध्ये सिडनीच्या ॲटलासियन कंपनीला ग्राहकांच्या साइट्सवरून एक जुनं ॲप काढून टाकायचं होतं. स्क्रिप्टचा रिव्ह्यू झाला होता, ३० साइट्सवर ती नीट चाललीही होती. पुढच्या यादीत मात्र ॲपच्या आयडींऐवजी अख्ख्या साइट्सचे आयडी आले. एपीआय दोन्ही प्रकारचे आयडी मुकाट्याने स्वीकारत होता. २३ मिनिटांत ८८३ साइट्स पुसल्या गेल्या. फटका बसलेल्या ७७५ ग्राहकांपैकी काहींचं काम १४ दिवसांपर्यंत अडून राहिलं. रिव्ह्यूमध्ये स्क्रिप्ट कोणता एपीआय कसा वापरते, ते पाहिलं गेलं होतं. यादीतले आयडी कशाचे आहेत, हे कुणी पडताळलं नव्हतं.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. अपडेटची व्हेअर अट जशीच्या तशी सिलेक्टला लावून आधी रेकॉर्ड्स मोजायची. त्यातली दोन-चार उघडून पाहायची: ग्राहक तोच आहे ना, तारीख तीच आहे ना? मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवायचं. डेटाबेसने दाखवलेला आकडा मंजूर आकड्याशी जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. टेबलची रचना बदलताना आणखी जपावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल आपोआप कमिट होतं. रोलबॅक करून मागे येता येत नाही. तिथे परतीची वाट टिकेटमध्येच लिहिलेली हवी आणि बॅकअप खरोखर रिस्टोअर करून पाहिलेला हवा.

रात्री क्लायंट कॉलवर ताटकळत असताना ‘मॅडम, पटकन अप्रूव्ह करा ना’ असा मेसेज येतो. तो पाठवणारा मुलगा दमलेला असतो. तीच क्वेरी तासभर बघून त्याला तिच्यातली चूक दिसेनाशी झालेली असते. ताज्या नजरेची खरी गरज त्याला तेव्हाच असते. शिवाय माझं नाव खाली आलं, की त्या बदलाची जबाबदारी एकट्या त्याची राहत नाही.

मंजुरीचं बटण तुमच्या हातात असेल, तर यादी वाचा. वेळ नसेल तर तसं स्पष्ट सांगून टिकेट दुसऱ्याकडे द्या. न वाचता मंजूर करू नका.