एकशेवीस व्होल्ट

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही सायप्रसला जाणार होतो. त्याआधी महिनाभर त्या देशाची एक छोटी पुस्तिका माझ्या उशाशी होती. पडकी देवळं, अॅफ्रोडाइटी देवी फेसातून वर आली तो किनारा, हे सगळं मी भराभर उलटलं आणि अडकले ती शेवटच्या पानावर. 'प्रवाशांसाठी उपयुक्त माहिती'. चलन युरो, २००८पासून. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने. प्लग तीन चौकोनी पिनांचा. राजधानी निकोसियात लेड्रा रस्त्यावरून पलीकडे जायचं असेल तर पासपोर्ट जवळ ठेवावा. रस्ता एकच, दोन्ही टोकांना दुकानं, आणि मध्येच पासपोर्ट! १९७४ साली बेट दुभंगलं, पण त्या पानावर त्याला जागा मिळाली ती एवढीच, छत्री सोबत ठेवावी अशा सुरातली एक ओळ.

प्लगनेही मला बराच वेळ थांबवलं. सायप्रस १९६०पर्यंत इंग्रजांकडे होतं, त्यामुळे गाड्या डावीकडून का हे कळलं. पण मग आपल्याकडच्या पिना गोल आणि तिथल्या चौकोनी कशा? शोधलं तेव्हा गंमत सापडली. इंग्रजांच्या घरीही आधी गोल पिनाच होत्या. चौकोनी पिनांचं त्यांचं मानक ठरलं १९४७ साली. म्हणजे ज्या वर्षी ते आपल्याकडून गेले, त्याच वर्षी त्यांनी प्लग बदलला! आपल्याकडे ते जुना ठेवून गेले. वाईच्या माहेरच्या घरातला काळा बोर्ड, त्याची तीन गोल भोकं आणि इस्त्री लावताना त्यातून उडणारी ठिणगी, हे सगळं मला त्या पानावर दिसायला लागलं.

सायप्रसहून परतले आणि आठच दिवसांत आईचा फोन आला. "व्हिसा मिळाला गं. आता तिथे कसं कसं असतं ते नीट लिहून पाठव. फोनवर सांगतेस ते डोक्यात राहत नाही."

मी न्यू जर्सीत अठरा वर्षं राहतेय, एडिसन गावात. कागद घेऊन बसले आणि काही म्हणता काही सुचेना. थंडी असते, अंतरं लांब असतात, हे तिला माहीतच होतं. रोज हाताखालून जाणाऱ्या गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. शेवटी युक्ती बदलली. आपण स्वतः पहिल्या वर्षी कुठे कुठे तोंडघशी पडलो ते आठवायला लागले, आणि कागद भरभर भरत गेला.

बाथरूमला मोरी नसते. हे वाक्य साधं दिसतं, पण त्यामागे मी मनसोक्त ओतलेली एक बादली आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटलेला पिवळा डाग आहे. दुकानात चिठ्ठीवर दहा डॉलर लिहिलेलं असलं तरी दहाची नोट पुरत नाही, कर वेगळा. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के, म्हणून दहाचे दहा डॉलर सहासष्ट सेंट होतात. कपड्यांवर मात्र तो नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात स्वेटरचा हिशेब बरोबर आला आणि साबणाचा चुकला, याचा उलगडा मला पुढे कितीतरी दिवस झाला नव्हता. तारखेत महिना आधी. हवा फॅरनहाइटमध्ये. आपण ताप तेवढा फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि उन्हाळा सेल्सिअसमध्ये. इथे उन्हाळाही तापाच्याच मापाने मोजतात. 'बाहेर ९८ आहे म्हटलं की अंगाएवढं ऊन समज,' असं मी लिहिलं. इथे पेट्रोल आपण भरायचं नाही, पंपावरचा माणूस भरतो. १९४९पासून न्यू जर्सीत तसा कायदाच आहे. आईला गाडी चालवायची नव्हती, तरी लिहिलं. माहिती देणाऱ्याला एकदा चेव चढला की तो थांबत नाही.

आणि दिव्याची बटणं उलटी. आपल्याकडे खाली दाबलं की दिवा लागतो, इथे वर केलं की.

विमानतळाचा भाग वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहिला. पाय धडधाकट असले तरी व्हीलचेअर मागून घे, ती ढकलणारा माणूस बरोबर दारापर्यंत आणतो. व्हिसावर दहा वर्षं दिसत असली तरी राहायचं किती ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने. आंबा आणू नकोस. हापूस या देशात येतो तो २००७पासून, आणि त्या पहिल्या वर्षी तर लासलगावच्या केंद्रात विकिरणाचा संस्कार होऊन आला होता. बॅगेत साडीच्या घडीत लपवलेल्या आंब्यावर कुठला संस्कार झालेला नसतो.

मे महिन्यात आई आली. आंबा आणला नव्हता. बॅग उघडली आणि तिने दोन टॉवेलांतून, तान्ह्या मुलाला दुपट्यातून काढावं तसा, कोरा करकरीत मिक्सर बाहेर काढला. "तुझा जुना झाला असेल म्हटलं."

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, आणि नेमकी ही एक ओळ मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर घालून भांडं बसवलं. घरात अडॅप्टर होता, गोल पिना त्यात गेल्या. बटण फिरवलं. मिक्सर कण्हला. पातं अर्धवट झोपेत कूस बदलावी तसं फिरलं आणि खोबऱ्याचे तुकडे एकमेकांना धक्के देत जागच्या जागी राहिले. आईने झाकणावर हात दाबला, भांडं हलवलं, वेग तीनवर नेला. आवाज वाढला, चटणी नाही. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, इथे १२०. निम्म्या जेवणावर पूर्ण दिवसाचं काम, ते मशीन तरी काय करणार? ओक ट्री रोडवर इथल्या विजेवर चालणारे मिक्सर ढिगाने मिळतात. माझ्या ओट्यावरही तसलाच होता, दहा वर्षांपासून.

"पण हे असं अर्धं का ठेवलंय यांनी?" आईने विचारलं. तिचा रोख देशाकडे होता.

त्याचं उत्तर आमच्या गावाच्या नावातच होतं. एडिसनने आपले दिवे शंभर-एकशेदहा व्होल्टच्या आसपास जळतील असे केले, शहरांतून तारा तशाच पडल्या आणि अमेरिका त्याच दाबाला चिकटून राहिली. युरोपात मात्र दाब दुप्पट केला तर तांबं कमी लागतं हे उमगलं आणि तिथे तो वाढवला गेला. त्यांचं तेच आपल्याकडे आलं. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत. गावाला त्याचं नाव १९५४ साली मिळालं.

पुढच्या रविवारी आईला रोझेल दाखवायला नेलं. इथून अर्ध्या तासाच्या आत. नुसतं साधं, घरांचं गाव, बघायला येतं कोण? पण १९ जानेवारी १८८३ या दिवशी एडिसनने खांबांवरून तारा ओढून ते अख्खं गाव उजळून दाखवलं होतं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये, डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याहून बोटीने निघालेली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी त्याच गावात, कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. नऊवारीतली मुलगी, रॉकेलच्या दिव्यांच्या देशातून आलेली, आणि समोर तारांवर जळणारे दिवे. कार्पेंटरांच्या घरात ते होते की नाही कोण जाणे, पण रस्त्याने जाताना तरी तिने मान वर केली असेल.

आईने तिच्यावरची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी कॉलेजात वाचली होती. गाडीतून उतरून ती एका खांबाजवळ उभी राहिली. "तिला कुणी कागद करून दिला असेल गं?"

दिला होता, एका परीने. एका नियतकालिकात तिच्या नवऱ्याचं पत्र छापून आलेलं कार्पेंटरबाईंनी वाचलं आणि त्यांनी पत्र लिहिलं, त्यानंतर तीनेक वर्षं दोघींची पत्रं जात-येत होती. अनोळखी बाईला मावशी म्हणण्याइतकी. आनंदीबाईंच्या पदवीदानाला १८८६ साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियात आल्या, आणि मागे येणाऱ्यांसाठी खरं पुस्तक लिहिलं ते त्यांनी. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९. राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा असतात, बायका काय काय करतात, सगळं मराठीत. शेवटचं पान तेवढं त्यात नाही. मला हवं होतं ते बाईंनी पहिल्या महिन्यात कशाला ठेच खाल्ली ते. त्यांनी देशाकडे पाहिलं, मी मोरीकडे. कुणाचं पाहणं मोठं ते उघड आहे, पण बादली माझी सांडली होती.

आई सहा महिने पुरे करून गेली. ती गेल्यावर, तिने येताना आणून फ्रिजवर लावलेला माझा कागद काढला तर त्याच्या कोऱ्या समासात तिचं बारीक अक्षर. शेजारच्या वहिनी मुलीकडे टेक्सासला जाणार होत्या, त्यांच्यासाठी टिपून ठेवलेलं, फोटो आधीच वाईला गेला होता. 'दार ओढून घेतलं की आपोआप कुलूप लागतं, किल्ली पदराला बांधावी. उदबत्तीलासुद्धा भोंगा वाजतो, फोडणीआधी खिडकी उघडावी. माणसं हसतात, पण थांबत नाहीत, रागावू नये. पोळपाट न्यावा. मिक्सर नेऊ नये.' मिक्सरखाली दोन रेघा.

मिक्सर ती बॅगेत घालून परत घेऊन गेली, त्याच दोन टॉवेलांत.

पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. "अगं, आल्यापासून संध्याकाळी नुसती अंधारात बसत होते. वाटलं वीज गेलीय. आज वहिनी आल्या, म्हणाल्या, आमच्याकडे तर आहे. मी बटण वर ढकलत होते." मग थांबून म्हणाली, "हेही घाल तुझ्या कागदात. परत आल्यावर बटण खाली."