मुक्काम

समृद्धी महामार्गावर नागपूरहून सुमारे २१० किलोमीटर झाले की शेलूबाजारची पाटी लागते. आम्हा तिघा भावंडांनी ती एकदमच मोठ्यानं वाचली, तेव्हा मागं बसलेल्या पोरांना कळेना, यात ओरडण्यासारखं काय आहे! ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आमचं गाव निदान पाटीपुरतं तरी लोकांच्या ओळखीचं झालं. त्याआधी गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कोणतं सेलू?’ मग परभणीकडचं नाही, वर्ध्याकडचं नाही, मंगरूळपीरजवळचं, अशी सगळी वंशावळ सांगायची. त्यात जिल्ह्याचाही घोळ. आम्ही जन्मलो ते अकोला जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला. आत्या अजूनही अकोलाच म्हणते आणि तिला कोणी दुरुस्त करत नाही.

लहानपणी उन्हाळ्यात यायचो ते अकोल्याहून एष्टीनं, बार्शीटाकळी, महान करत. महानला काटेपूर्णेच्या धरणाचं नाव निघालं की आई पदराचं टोक ओलं करून आमची तोंडं पुसायला घ्यायची. धुळीनं माखलेली पोरं आजीपुढं कशी न्यायची? घरी पोचेपर्यंत ती पुन्हा माखायचीच. परतीची गाडी चुकणं ही तर पर्वणी. चुकली की मुक्काम वाढला. ती चुकावी म्हणून धाकट्या चुलतभावानं एकदा आमच्या वडिलांची एक चप्पल कुटाराच्या ढिगात पुरली होती. ती सापडली पोळ्याला.

घर तसं साधंच. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं ओसरी, मागं गोठा. पण आम्ही तिघं आणि तो चुलतभाऊ असे चौघं बसलो आणि एकमत होईना. जातं ओसरीत होतं, हे माझं म्हणणं. बहीण म्हणाली, नाही, सैपाकघराच्या दाराशी. मी तिथं पडले होते, हा बघ वण. थोरला भाऊ म्हणतो, आपल्या वेळी जातं नव्हतंच, दळण गिरणीतून यायचं. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवलेली माणसं, आणि प्रत्येकाचं घर निराळं!

कापसाच्या बंडीवर मात्र वाद झाला नाही. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार योजना होती. खरेदी सरकारची, त्यामुळे साऱ्या शिवाराच्या बंड्या केंद्रासमोर रांगेत. नंबर लागेपर्यंत आबा, आमचे आजोबा, रात्र रात्र तिथंच. हट्ट करून आम्हीही एकदा त्यांच्यासोबत राहिलो. कापूस मऊ असतो, असं ज्यांना वाटतं ते कधी बंडीत झोपले नसणार. त्यात सरकी असते आणि ती रात्रभर पाठीला टोचते. अंग हळूहळू आत रुतत जातं, कानात तंतू शिरतात. खाली बैल रवंथ करतायत, आबांची विडी अंधारात लाल होतेय, पुढच्या बंडीवाल्याशी त्यांचं, प्रत ठरवणारा ग्रेडर कसा निघेल यावर बोलणं चाललेलं. भाव काय मिळाला ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. परतीला त्यांनी चौकात भजी घेऊन दिली नाहीत, एवढं चौघांनाही आठवतं.

आता गावाभोवती सोयाबीन आणि तूर. सोयाबीन पोत्यात भरून ट्रॅक्टरनं जातं, त्यावर रात्र काढायची कोणाला गरज पडत नाही. बरंच झालं म्हणायचं. घराच्या पुढच्या भागावर स्लॅब पडला आहे, गोठ्यात मोटारसायकल आहे. आबांची पायली तेवढी शाबूत. काकूनं त्यात लसूण ठेवला होता.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. पोरांनी ठेच्याला दुरूनच नमस्कार केला. हात वाळायच्या आत थोरल्यानं घड्याळ पाहिलं. चारला निघालं तर जेवणाच्या वेळेला घरी, असा त्याचा हिशोब. गाडी चुकायची सोयच राहिलेली नाही. ती आपलीच आहे आणि दारात उभी आहे.

‘‘काहून रे बाप्पा, आता तं आले नं तुमी?’’ काकू म्हणाली. ‘‘मी म्हनलं मुक्कामानं येतीन.’’

‘‘पुढच्या वेळी नक्की, काकू.’’ हे मीच म्हणालो. मागच्या वेळीही मीच म्हणालो होतो.

पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायला बहीण गच्चीवरच्या टाकीपाशी गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. म्हणून मी वर गेलो. काकूनं सकाळपासून सात गाद्या उन्हात घातल्या होत्या.