समोरचा ब्रेक

आमच्या वाशीम जिल्ह्यात मोटारसायकल शिकू लागलेल्या मुलाला पहिली किक मारण्यापूर्वीच जी ताकीद मिळते, ती मंगरूळपीरच्या पेठेत मिळो, मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावर मिळो किंवा रिसोडच्या बाजूला वावराकडे जाणाऱ्या पांदणीत मिळो, तिचे शब्द सहसा बदलत नाहीत : “समोरचा ब्रेक दाबू नको, पलटशीन.” ही ताकीद मायेपोटी दिलेली असते, तथापि नवशिक्यांच्या मागे बसून त्यांना गाडी शिकविण्यात आयुष्याचा बराच काळ घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, हे एक वाक्य मुलाच्या मनातून काढून टाकणे हेच शिकविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

या समजुतीला आधार नव्हता असे नाही. ज्या पिढीने राजदूत आणि येझदी चालविल्या, ज्या पिढीने उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक असलेली जुनी बुलेट सांभाळली, तिच्या वाट्याला डांबरी रस्ते थोडे आणि मुरमाचे व मातीचे रस्ते फार आले. आणि सुट्या मुरमावर पुढचे चाक एकाएकी जखडले तर गाडी हातातून निसटते, हा त्या पिढीचा अनुभव अगदी खरा होता. चूक झाली ती एवढीच की, मुरमावरचा हा नियम डांबरावरही तसाच चालत राहिला.

वस्तुतः वेगात असलेली गाडी थांबू लागते तेव्हा तिचा आणि स्वाराचा भार पुढे सरकतो, पुढचा टायर रस्त्यावर अधिक दाबला जाऊन त्याची पकड वाढते, आणि त्याच क्षणी मागचे चाक हलके होते. म्हणून केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबणाऱ्या मुलाचे मागचे चाक जखडून घसरत जाते, रस्त्यावर टायरची काळी रेघ उमटते, आणि गाडी मात्र समोरच्या ट्रॉलीपाशी पोहोचेपर्यंत थांबत नाही. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर अंतर तोडते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ज्याने आपल्या उजव्या हातातील दांडी कधी दाबलीच नाही, त्याने थांबण्याच्या सामर्थ्याचा मोठा अर्धा भाग घरी ठेवूनच प्रवास आरंभिला, असे मी मानतो.

मात्र ही दांडी दाबावयाची कशी, हे शब्दांनी सांगून भागत नाही. गाईची धार काढताना बोटे जशी न झटकता, क्रमाक्रमाने आणि निश्चयाने आवळत जातात, तशी ती आवळावी लागते. आधी भार पुढे येऊ द्यावा आणि मग जोर वाढवावा. हँडल सरळ असावे, पायाचा ब्रेक सोबत असावा, आणि गाडी थांबण्याच्या बेतात आली म्हणजेच क्लच ओढावा. याउलट हाफ क्लचवर मुंगीच्या पावलाने गाडी वळविताना समोरच्या ब्रेकला हात लावू नये, तेथे पायाचाच ब्रेक प्रशस्त. हा विवेक बोटांत मुरावा यासाठी मी मुलाला गाडी पळवू देण्याआधी थांबावयास लावतो. रिकाम्या मैदानावर दुसऱ्या गिअरमध्ये जाणे आणि ठरल्या खुणेपाशी उभे राहणे, एवढाच अभ्यास. मुले कंटाळतात, आणि त्यांचा कंटाळा मला समजतोही. पण त्या अभ्यासाला मी काट देत नाही.

मग ऋतूंची ओळख करून द्यावी लागते. पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर वावरातली काळी माती डांबरावर येते, आणि तीवर कोणताच ब्रेक विश्वासाचा राहत नाही. सोयाबीन निघाले की रस्त्याच्या कडेला दाणे वाळत पडतात, कुटार वाऱ्याने पसरते. तेथे ब्रेक लावणे हेच संकट, सबब ब्रेकचे काम कुटाराच्या अलीकडेच संपले पाहिजे. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूस काय किंवा इतरत्र काय, दिवेलागणीला रोही रस्ता ओलांडतात, आणि एक गेला की मागून दुसरा येणारच असे धरून चालावे. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आमच्या मुलांना बैलगाड्या, शेळ्या, ट्रॉल्या आणि वाळत घातलेले धान्य यांच्या सहवासातच गाडी चालवावयाची आहे.

कायद्यानेही या बाबतीत आपला कौल दिला आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जखडू न देणाऱ्या एबीएसची सक्ती झाली. म्हणजे जो स्वार भीतीने समोरचा ब्रेक टाळतो त्याच्यासाठीही तो लागावा, अशी तजवीज नव्या यंत्रात आहे. पण खेड्यापाड्यांत मुले ज्या गाडीवर शिकतात ती बहुधा वडिलांची किंवा काकांची जुनी गाडी असते, आणि तीत ही तजवीज नसते.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते, आणि तो मिळाल्यापासून निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस पुष्कळ घरांत केवळ वाट पाहण्यात जातात. माझी वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, त्यांतल्या काही सकाळी आपण मुलाला द्याव्यात. दोघांनी हेल्मेट घालावे, पक्का परवाना असलेल्याने मागे बसावे, आणि वाशीम-हिंगोली रस्त्यावर त्याला एकटे सोडण्यापूर्वी दोन्ही ब्रेकांनी सरळ रेषेत थांबावयास शिकवावे.