रोजकिर्दीतला शेवटचा रकाना

खडकी, पुणे ३
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ,

पत्र पावले. माळा आवरताना सापडलेल्या माझ्या जुन्या रोजकिर्दीच्या पानाचा फोटो वहिनींनी तुला धाडला, आणि भाडे, डिझेल, हमाली ही कलमे उमगूनही शेवटच्या रकान्यात 'खोटी' या मथळ्याखाली मांडलेले तास कशाचे, हे तुला उलगडेना. स्टुटगार्टची नोकरी सोडून स्वतःच्या व्हॅनवर तातडीचा माल वाहण्याचा तुझा मनसुबा आहे, म्हणून त्या रकान्याची हकीकत विस्ताराने लिहितो.

टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली बाजारात आली, आणि मोठ्या ट्रकाइतके भांडवल ज्यांच्यापाशी नव्हते अशा माझ्यासारख्यांना मालकी आणि चाकरी एकाच देही नांदवण्याची सोय झाली. आपली खडकी मूळची लष्करी छावणी. १८६९ पासून येथे दारूगोळ्याचा कारखाना, पुढे किर्लोस्करांची ऑइल इंजिने, आणि मुळेवरचा पूल ओलांडला की दापोडीपासून आकुर्डीपर्यंत कारखान्यांची रांग. त्यामुळे जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसणाऱ्यास भाड्याची वानवा नसे. सर्वसाधारण माल हुंडेकऱ्याच्या वखारीत ट्रक भरेपर्यंत पडून राहतो. परंतु मोटारी बांधणारे कारखाने सुट्या भागांचा फार दिवसांचा साठा ठेवीनासे झाले, तेव्हा एखादी खेप नापास झाली की दूरच्या गावी अख्खी लाइन बंद पडण्याचा प्रसंग येई, आणि मग ज्या लाकडी पेटीला एक रिक्षा पुरली असती तिच्यासाठी सबंध गाडी ठरवून रातोरात रवानगी होई.

त्या आयुष्याला एक डौल होता, हे मी नाकारीत नाही. कोणा साहेबाची हजेरी नाही, रजेचा अर्ज नाही. चहाला थांबलो की प्रथम लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवेचा अंदाज घ्यावयाचा, दोर आवळावयाचा, ताडपत्रीची सुटलेली कड आत खोचावयाची, आणि मगच कप हाती घ्यावयाचा. झोप म्हणशील तर पुढच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. परंतु गाडीचा हप्ता, विमा, परतीचा रिकामा प्रवास आणि दलालाची दलाली ही सारी त्याच स्वातंत्र्याच्या खर्ची पडत.

आता त्या पानाकडे वळू. एका पावसाळ्यात होसूरची पेटी मिळाली. अंतर नऊशे किलोमीटरांच्या आसपास, आणि दलालाचा तगादा असा की जणू पेटीत कोणाचा प्राणच बंद करून दिला आहे. कोगनोळीची वेस, हुबळी, चित्रदुर्ग असे करीत, डोळ्यांवर पाणी मारीत मी पहाटे कारखान्याच्या फाटकाशी पोचलो, तो चलनावरील क्रमांक ऑर्डरशी जुळत नाही म्हणून पहारेकऱ्याने गाडी बाहेर उभी केली. चूक पाठवणाऱ्याच्या कारकुनाची. ती दुरुस्त होऊन पेटी उतरेपर्यंत सायंकाळ झाली, आणि दरम्यान मला गाडी सोडून जाण्याचीही मुभा नव्हती. पोचपावतीवर शिक्का पडला तो सायंकाळच्या वेळेचा. उशीर माझ्या नावे लागला आणि बाकीच्या भाड्याला कात्री बसली. त्या रात्री गाडीतच रोजकीर्द उघडून मी अखेरची रेघ ओढली, आणि फाटकावर, वजनकाट्यावर, जकात नाक्यावर, दलालाच्या बाकावर खोळंब्यात गेलेला वेळ 'खोटी' म्हणून तेथे मांडू लागलो.

काही महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर ध्यानी आले की गिऱ्हाईक ज्याचे मोल देते ती माझी गती नव्हेच. वेगाने तर कोणीही चालवील. हाक येईल त्या क्षणी गाडी रिकामी, टाकी भरलेली आणि माणूस जागा असावा, यासाठी कोणीतरी आपले दिवस राखून ठेवावे लागतात, आणि ते राखून ठेवलेले दिवस भाड्याच्या दरात कोठेच दिसत नाहीत. तेव्हापासून मी ठरीव तासांपुढच्या खोटीचा आकार भाडेचिठ्ठीवर आधीच लिहून घेऊ लागलो. काही दलाल तुटले. जे टिकले त्यांचा माल फाटकावर क्वचितच अडला, कारण खोळंब्याची किंमत त्यांच्या माथी येताच त्यांचे कागद आपोआप बिनचूक होऊ लागले.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरील करतपासणीचे नाके व मुंबईची जकात गेली, आणि तो एक खोळंबा संपला. फाटकावरचा मात्र संपलेला नाही. कायद्याचा आधार म्हणशील, तर आमच्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती खरी, पण ती पाच वा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यास होती. स्वतःच स्वतःचा चाकर असलेल्यास कोण विचारतो? तुमच्या युरोपात ३.५ टनांवरील मालगाडीच्या चालकास ४.५ तासांनंतर ४५ मिनिटांचा विसावा सक्तीचा आहे. तुझ्या व्हॅनला कोणता नियम लागू, याची चौकशी गाडी घेण्यापूर्वी कर.

धंदा करू नकोस असे मी म्हणत नाही. तो करण्यासारखा आहे, आणि तुझ्या अंगी नेट आहे. मात्र पहिल्या भाड्याला होकार देताना, दर किती हे विचारण्यापूर्वी खोळंबा कोणाच्या माथी हे विचार, आणि उत्तर कागदावर घे. जो ते लिहून देण्यास कां-कूं करील, त्याचा माल कितीही तातडीचा असो, दुसऱ्याच्या गाडीत जाऊ दे.

वहिनींची प्रकृती ठीक आहे. सवडीने उत्तर धाडावे.

तुझा,
काका