त्या रात्री चांद होता

माझ्या एका कथेची सुरुवात अंधारापासून होती. सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शन संपली त्याच्या दुसऱ्या रात्री उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक कुटुंब ज्वारीच्या पिकात लपून बसलंय. दादी सांगायची तसंच लिहिलं होतं. ती म्हणायची, "घुप अंधेरा था बेटा, हात कू हात नै दिखता था."

कथा पाठवण्याआधी सहज 'टाइम अँड डेट' या संकेतस्थळावर गेलो. तिथे जुन्या वर्षांतल्या अमावास्या-पौर्णिमा तारखेनुसार सापडतात. निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली १७ सप्टेंबरला. १८ तारखेला चक्क पौर्णिमा होती! हिजरी तारीख काढून देणाऱ्या साधनानेही १४ जिल्काद १३६७ दाखवली. तिथे चांद दिसण्यावरून एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण चौदावीची अमावास्या काही होत नाही.

मी कथा बाजूला ठेवली. दादी आता नाही, विचारणार कुणाला? भीती वेगळीच होती. या विषयावर आपण लिहितो तेव्हा एक चूक सापडली की सगळंच खोटं ठरवायला लोक टपलेले असतात. म्हणून मग ओळन् ओळ तपासायला बसलो.

आर्काइव्ह डॉट ऑर्गवर निजाम राज्याचे जुने जनगणना अहवाल आणि गॅझेटियर फुकट वाचता येतात. माझ्या कथेतला बाप इंग्रजी रुपये मोजत होता. त्या राज्यात चालायचा हाली सिक्का, साधारण सहा इंग्रजी रुपयांना सात हाली. तो बदलला. शब्द अडले की 'बृहद्कोश' उघडतो. मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंत अनेक कोश तिथे एकाच वेळी शोधता येतात. दादीच्या तोंडचे उर्दू शब्द 'रेख्ता'च्या शब्दकोशात सापडतात, उच्चारही ऐकता येतो. मात्र दखनी वळण तिथे नेहमी मिळेलच असं नाही. त्यासाठी घरातली म्हातारी माणसंच लागतात.

पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालातला मजकूरही नेटवर वाचायला मिळतो. समिती १९४८च्या अखेरीस हैदराबाद राज्यात फिरली. अहवाल कित्येक दशकं दडलेला होता, २०१३ मध्ये तो लोकांना पाहता आला. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यातला अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे. आधी रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचीही नोंद त्यात आहे. माझ्या कथेत ती नव्हती. घाबरलेल्या कुटुंबाच्या शेजारी आधीपासून घाबरलेलं दुसरं घर असणार, हे मला तो अहवाल वाचल्यावर सुचलं.

अंधाराचा प्रश्न मात्र राहिलाच. ढग होते म्हणून मोकळं होता आलं असतं, पावसाळाच तो. पण मग दादीचं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. त्याच दमात ती आणखी एक सांगायची, "अम्मीने मुंडी गोदी में दबा के उप्पर से चद्दर डाली थी." हे वाक्य मी कथेतून गाळलं होतं, कारण अंधार असताना चादर कशाला, असं मला वाटलं होतं.

आता कथेत चांद आहे. मोठी माणसं त्या उजेडाला घाबरतात, पोरीच्या डोक्यावर चादर पडते आणि तिच्यापुरता घुप अंधार होतो.

ही सगळी साधनं फोनवर आहेत, बहुतेक फुकट आहेत, जरूर वापरा. त्याच फोनवर आवाज रेकॉर्ड करायचीही सोय असते. घरात दादी-नानी असतील तर ती आधी वापरा. मी वापरली नाही.